सदतीस वर्षं बिशप, मग नवखा फादर

३० ऑक्टोबर २०२१. लंडनच्या सोहो भागातल्या वॉरविक स्ट्रीटवरच्या जुन्या कॅथलिक चर्चमध्ये दीक्षाविधी होता. कॅथलिक रिवाजाप्रमाणे उमेदवार वेदीसमोर साष्टांग पडतो, लोक एकेका संताचं नाव घेत प्रार्थना म्हणतात, मग तो उठून गुडघे टेकतो आणि बिशप त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात. एरवी हा उमेदवार पंचविशी-तिशीतला असतो. त्या दिवशीचे उमेदवार बहात्तर वर्षांचे होते. घरी बायको, दोन मोठे मुलगे. आणि खरी गंमत पुढेच आहे: हे गृहस्थ १९८४ पासून स्वतः बिशप होते. दुसऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना पाद्री करणं हे त्यांचं निम्म्या आयुष्याचं काम.

मायकल नझीर-अली. जन्म कराचीचा, पुढे इंग्लंडमधल्या रॉचेस्टरचे जवळजवळ पंधरा वर्षं बिशप, हाऊस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य, आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या लेखी अँग्लिकन चर्चमधल्या पुराणमतवाद्यांचा ठळक चेहरा. असा माणूस म्हातारपणी पहिलीच्या वर्गात परत का बसला? उत्तर द्यायचं तर आधी अँग्लिकन म्हणजे कोण इथपासून सुरुवात करावी लागते. कारण हा पेच एकट्या नझीर-अलींचा नाही, त्या चर्चच्या घडणीतच तो पाचशे वर्षं बसलेला आहे.

ना धड कॅथलिक, ना धड प्रोटेस्टंट

आपल्याकडे ख्रिस्ती म्हटलं की दोन चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक वसई-गोव्याचं: मिस्सा, मेणबत्त्या, मारिया मातेची मूर्ती, फादर. दुसरं अहमदनगर-नाशिककडचं: साधं उपासनामंदिर, हातात पवित्र शास्त्र, मराठी भजनं, पाळकसाहेब. अँग्लिकन या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभे असतात आणि त्यांना तिथेच उभं राहायचं असतं. मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल त्यांचंच. कोटाच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट जायची तो 'चर्चगेट', आणि रोज लाखो लोक उतरतात त्या स्टेशनचं नाव तिथून आलं.

सुरुवात धर्मापेक्षा लग्नावरून झाली. राजा आठवा हेन्री याला पहिली बायको सोडायची होती, पोप मोकळीक देईना. १५३४ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदाच केला की इंग्लंडमधल्या चर्चचा प्रमुख राजा, पोप नव्हे. देवळं तीच राहिली, बिशप तेच, उपासनाही बरीचशी तीच. बदलला तो वरचा मालक. हेन्रीचा मुलगा गादीवर आल्यावर आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांनी इंग्रजीतून प्रार्थनापुस्तक लिहिलं आणि चर्च प्रोटेस्टंट वळणाला लागलं. मग मेरी राणी आली, तिने गाडी उलटी फिरवून पोपकडे नेली आणि प्रोटेस्टंट पुढाऱ्यांना जिवंत जाळलं. तिच्यानंतर एलिझाबेथ. तिने दोन्ही बाजूंना थोडं थोडं देऊन तह घडवला: बिशप आणि विधी जुन्या वळणाचे, शिकवण बरीचशी नवी.

तहात जे होतं तेच पुढे घडलं. एकाच छपराखाली तीन चुली मांडल्या गेल्या. एक गट विधी, परंपरा, बिशपांची अखंड साखळी यांना जपणारा. त्यांना अँग्लो-कॅथलिक म्हणतात. दुसरा इव्हँजेलिकल, म्हणजे शास्त्रात काय लिहिलंय तेवढंच बोला म्हणणारा. तिसरा उदारमतवादी, काळाबरोबर अर्थ बदलतो असं मानणारा. 'पुराणमतवादी अँग्लिकन' हा शब्द ऐकला की म्हणून लगेच विचारावं: कुठल्या चुलीवरचा? अँग्लो-कॅथलिक पुराणमतवाद्याला स्त्रीने वेदीपाशी उभं राहणं खटकेल, कारण परंपरेत ते नव्हतं. इव्हँजेलिकल पुराणमतवाद्याला कदाचित ते चालेल, पण समलिंगी संबंधांना मान्यता चालणार नाही, कारण शास्त्रातली वचनं तो तशी वाचतो. नझीर-अली स्वतःला कॅथलिक आणि इव्हँजेलिकल असं दोन्ही म्हणवून घेत. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता बिशपांची साखळी. नाथपंथात आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव अशी परंपरा सांगतात. गुरूने शिष्याच्या कानात मंत्र दिला, त्याने पुढच्याला. ख्रिस्ताच्या प्रेषितांपासून आजच्या बिशपापर्यंत हातांची अशीच साखळी आहे असं कॅथलिक आणि अँग्लिकन दोघंही मानतात. भांडण एवढंच की अँग्लिकनांची साखळी मध्ये तुटली का. १८९६ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी निकाल दिला: तुटली. सोळाव्या शतकात दीक्षेचे शब्द आणि त्यामागचा हेतू बदलला, म्हणून अँग्लिकन दीक्षा पूर्णपणे रद्दबातल. तो निकाल आजही कायम आहे. वॉरविक स्ट्रीटच्या फरशीवर सदतीस वर्षांच्या बिशपाला साष्टांग पडावं लागलं ते यामुळे. रोमच्या दप्तरी ते बिशप तर नव्हतेच, पाद्रीही नव्हते.

कराची, लाहोर, रायविंड

नझीर-अलींचा जन्म ऑगस्ट १९४९ मधला. पाकिस्तान तेव्हा दोन वर्षांचं होतं. वडील शिया मुसलमान घरातले, ख्रिस्ती झालेले. नातेवाइकांत दोन्ही धर्म. शिक्षण सेंट पॉल्स आणि सेंट पॅट्रिक्समध्ये. सेंट पॅट्रिक्स ही कराचीतली नावाजलेली कॅथलिक संस्था, तिच्या शाळेत लालकृष्ण अडवाणी आणि परवेझ मुशर्रफ हे दोघंही शिकले. एका शाळेच्या पटावरून उपखंडाचा अर्धा इतिहास सांगता येईल. मुलगा मायकल तिथे कॅथलिक उपासनेला जाऊ लागला, पण विसाव्या वर्षी रीतसर दाखल झाला तो अँग्लिकन मंडळीत. म्हणजे बहात्तराव्या वर्षी ते ज्या दारातून आत गेले, ते दार त्यांनी शाळकरी वयातच पाहून ठेवलेलं होतं.

कराची विद्यापीठात अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि इस्लामी इतिहास, मग केंब्रिज. तिथलं धर्मशिक्षण रिडली हॉलमध्ये. हे नावही लक्षात ठेवा.

त्याच सुमारास उपखंडातल्या अँग्लिकनांनी एक धाडस केलं होतं. ख्रिस्ती पंथांची आपसातली भांडणं युरोपातली, ती आपण का वाहायची असं म्हणून वेगवेगळे पंथ एकत्र आले. नोव्हेंबर १९७० च्या एक तारखेला चर्च ऑफ पाकिस्तान स्थापन झालं, त्यात अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि लुथरन. त्याच महिन्याच्या २९ तारखेला आपल्या नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या अँग्लिकन मंडळ्या तेव्हापासून 'सी.एन.आय.'च्या झाल्या, म्हणून मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी 'अँग्लिकन' हा शब्द आता फारसा येत नाही.

नझीर-अली कराचीत आणि लाहोरला पाद्री होते, लाहोरच्या कॅथेड्रलचे प्रमुखही झाले. १९८४ मध्ये लाहोरलगत रायविंडचा नवा धर्मप्रांत निघाला आणि ते त्याचे पहिले बिशप. वय पस्तिशीच्या उंबरठ्यावर. जगभरच्या अँग्लिकन बिशपांत तेव्हा त्यांच्याहून लहान कोणी नव्हता. रायविंड हे तबलिगी जमातीचं मोठं केंद्र, दरसाल तिथे लाखोंचा इज्तेमा भरतो. अशा गावाच्या नावाने ख्रिस्ती बिशप असणं ही गोष्टच वेगळी.

तिथली मंडळी कोण होती हे पाहिल्याशिवाय हा माणूस कळत नाही. पंजाबातले बहुतेक ख्रिस्ती हे एकेकाळच्या अस्पृश्य जातींमधून आलेले. गावात साफसफाई, शेतात सालदारी आणि वीटभट्ट्या. वीटभट्टीवर येताना मुकादमाकडून आगाऊ रक्कम घ्यायची, तिला तिकडे 'पेशगी' म्हणतात. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारा कामगार जिला 'उचल' म्हणतो तीच. फेडता फेडता घर संपतं, पेशगी संपत नाही, ती पोराच्या नावावर चढते. वर जनरल झियांचं राज्य. कायदे एकामागून एक इस्लामी चौकटीत बसवले जात होते, आणि १९८६ मध्ये ईशनिंदेच्या कायद्यात मृत्युदंडाचं कलम आलं. गरिबांच्या बाजूने बोलणारा, धर्मांतरिताचा मुलगा, वयाने तरुण आणि तोंडाने स्पष्ट असा बिशप कोणाकोणाच्या डोळ्यात खुपणारच. जिवावर बेतलं. त्या वर्षी कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे अँग्लिकनांमधले सगळ्यात मानाचे बिशप, रॉबर्ट रन्सी यांनी त्यांची इंग्लंडमध्ये येण्याची सोय केली. रायविंडमध्ये ते जेमतेम दोन वर्षं होते, पण पुढचं सगळं बोलणं त्या दोन वर्षांतून आलं असं मला वाटतं.

नाशिकहून मोंबासा

इंग्लंडमध्ये आल्यावर आधी आर्चबिशपांच्या कचेरीत काम, मग १९८९ ते १९९४ चर्च मिशनरी सोसायटीचे सरचिटणीस. 'सी.एम.एस.' ही संस्था १७९९ मध्ये लंडनमध्ये निघाली. तिच्या एका कामाचा धागा नाशिकला बांधलेला आहे, म्हणून जरा आडवाटेने जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नाशिकजवळ सी.एम.एस.ने शरणपूर नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली. अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलामांची गलबतं पकडायचं, त्यांतली सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जायची आणि त्यांतली बरीच या शरणपुरात येऊन सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकायची. जेकब वेनराइट हा त्यांतलाच. मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीलाही तो हजर होता. त्यानंतर लवकरच शरणपूर चालवलेले पाद्री डब्ल्यू. एस. प्राइस केनियातल्या मोंबासाजवळ गेले आणि त्यांनी मुक्त गुलामांची वस्ती उभारली. तिचं नाव फ्रीअर टाउन, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्यावरून. तिथे शिक्षक, कारागीर म्हणून गेले ते नाशिकला शिकलेले आफ्रिकी. केनियात त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. त्यांतल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर या दोघांना १८८५ मध्ये दीक्षा मिळाली. पूर्व आफ्रिकेतल्या अँग्लिकन चर्चच्या पायात नाशिकची माती आहे ती अशी.

हे सांगायचं कारण असं की आजच्या भांडणात सगळ्यात जोराने बोलणारी चर्चं हीच आहेत: केनिया, युगांडा, नायजेरिया, रवांडा. ज्यांना मिशनऱ्यांनी पवित्र शास्त्र हातात दिलं आणि अक्षरन् अक्षर खरं माना म्हणून सांगितलं, त्यांनी ते मानलं. आता मिशनऱ्यांचे नातू येऊन म्हणतात की तो भाग जरा वेगळ्या अर्थाने घ्यायचा असतो. नाती बिनसायला एवढं पुरतं.

रॉचेस्टरची खुर्ची

१९९४ मध्ये नझीर-अली केंट परगण्यातल्या रॉचेस्टरचे बिशप झाले. इंग्लंडमध्ये स्वतंत्र धर्मप्रांताचा कारभार सांभाळणारे ते पहिले गौरेतर बिशप. तिथे बिशप निवडण्याची पद्धत आपल्याला अचंब्याची वाटेल. चर्चची समिती नावं पाठवायची, पंतप्रधान शिफारस करायचे, राणी नेमायची. हेन्रीने घातलेली घडी. शिवाय सव्वीस बिशपांना पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात जागा असते, काहींना पदामुळे, बाकीच्यांना ज्येष्ठतेनुसार. त्या ओळीने १९९९ मध्ये ते हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसले. आशियातून आलेला धर्मपुढारी तिथे बसण्याची ती पहिलीच वेळ. कृत्रिम गर्भधारणा आणि भ्रूणसंशोधनावर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या नीतिविषयक समितीचे अध्यक्षही ते काही वर्षं होते. २००२ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी त्यांचं नाव चर्चेत होतं. ते पद रोवन विल्यम्स यांना मिळालं.

रॉचेस्टरचा धर्मप्रांत ६०४ सालचा, इंग्लंडमधला कँटरबरीनंतरचा सगळ्यात जुना. या एका खुर्चीवर बसलेल्या दोन माणसांची गोष्ट सांगितली की अँग्लिकन इतिहास कळतो. जॉन फिशर रॉचेस्टरचे बिशप होते. चर्चचा प्रमुख राजा आहे हे म्हणायला त्यांनी नकार दिला, आणि १५३५ मध्ये हेन्रीने त्यांचं डोकं उडवलं. कॅथलिकांनी पुढे त्यांना संत ठरवलं. बारा वर्षांनी त्याच जागेवर निकोलस रिडली आले. ते प्रोटेस्टंट, आणि १५५५ मध्ये मेरी राणीने त्यांना ऑक्सफर्डला जाळलं. पोपला मानतो म्हणून एक गेला, मानत नाही म्हणून दुसरा. आणि नझीर-अली शिकले ते या दुसऱ्याच्या नावाच्या रिडली हॉलमध्ये, शेवटी गेले ते पहिल्याच्या वाटेने. कादंबरीत कोणी लिहिलं असतं तर जुळवून आणलंय म्हटलं असतं.

वाद, आणि वादाखालचा प्रश्न

त्यांच्या भूमिका एका रंगात रंगवता येत नाहीत. स्त्रियांच्या पुरोहितपदाला त्यांचा विरोध नव्हता. स्त्रियांनी बिशप व्हावं का, याचा अभ्यास करणाऱ्या गटाचे ते अध्यक्ष होते आणि २००४ च्या त्या अहवालात दोन्ही बाजूंची मांडणी नीट केलेली आहे. समलिंगी संबंधांबद्दल मात्र ते जराही हलले नाहीत. २००३ मध्ये जेफ्री जॉन या समलिंगी पाद्रींची रेडिंगच्या बिशपपदी निवड झाली, तेव्हा जाहीर पत्र लिहून हरकत घेणाऱ्या नऊ बिशपांत ते एक. जॉन हे ब्रह्मचर्य पाळतो असं सांगत होते, तरी त्यांना माघार घ्यावी लागली. २००९ मध्ये निवृत्तीच्या तोंडावर समलिंगी माणसांनी पश्चात्ताप करून बदलावं असं नझीर-अली एका मुलाखतीत बोलले आणि पुन्हा गदारोळ झाला. ज्यांच्या आयुष्याबद्दल हे चाललं होतं त्यांना ते बोलणं किती लागलं असेल याचा हिशेब त्यांनी कधी नीट मांडला असं मला वाटत नाही.

दुसरा वाद जानेवारी २००८ मधला. वर्तमानपत्रातल्या लेखात त्यांनी म्हटलं की इस्लामी अतिरेकी विचारांमुळे ब्रिटनमधल्या काही वस्त्या इतर धर्मीयांसाठी जवळजवळ प्रवेशबंद झाल्या आहेत. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग यांच्यासह अनेकांनी हे वास्तवाचं विडंबन असल्याचं सुनावलं. बिशपांना धमक्या आल्या, पोलीस संरक्षण द्यावं लागलं. माझं मत विचाराल तर विधान ताणलेलं होतं, वस्त्यांची नावं आणि पुरावे देऊन ते सिद्ध झालं नाही. पण ते कुठून आलं हे दिसतं. रायविंड सोडून आलेल्या माणसाला बर्मिंगहॅमच्या गल्लीत रायविंड दिसलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकतो, तसं. फरक एवढाच की लॉर्ड्समध्ये बसलेल्या बिशपाची फुंकर लांबवर जाते, आणि तिचा उपयोग करून घ्यायला टपलेले लोक असतात.

या सगळ्या वादांच्या तळाशी एकच प्रश्न आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं: शेवटचा शब्द कोणाचा?

कॅथलिकांत तो पोपचा. अँग्लिकनांत सुमारे साडेआठ कोटी माणसं, चाळीसहून अधिक स्वतंत्र प्रांतिक चर्चं, आणि कँटरबरीचे आर्चबिशप म्हणजे वाटण्या झालेल्या भावकीतला थोरला. लग्नाची पहिली पत्रिका त्याला जाते, पंगतीत पहिलं पान त्याचं. पण तुमच्या वावरात काय पेरायचं हे तो सांगू शकत नाही, आणि सांगितलं तर कोणी ऐकत नाही. १८६७ पासून साधारण दर दहा वर्षांनी तो सगळ्या बिशपांना लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्याच्या नावाने भरणाऱ्या परिषदेला बोलावतो. तिथे ठराव होतात. १९९८ मध्ये झाला: लग्न म्हणजे एक स्त्री, एक पुरुष, आयुष्यभरासाठी, आणि समलिंगी आचरण शास्त्राशी विसंगत. बाजूने ५२६, विरोधात ७०. आपल्याला वाटेल, संपला विषय. पण लॅम्बेथचे ठराव कोणावर बंधनकारक नसतात. पाच वर्षांनी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या मंडळीने जीन रॉबिन्सन यांना बिशप केलं. ते पुरुष जोडीदारासोबत उघडपणे राहणारे. थोरल्याने नापसंती दाखवली, समित्या नेमल्या, अहवाल आले. रॉबिन्सन बिशप राहिले.

इथे दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. उदारमतवादी म्हणतात, प्रत्येक प्रांताने आपल्या परिस्थितीत देवाची इच्छा शोधावी हीच तर अँग्लिकन रीत, इंग्लंडने रोमला तेच सांगितलं होतं. पुराणमतवादी म्हणतात, मग घर एक असल्याचं नाटक कशाला? त्यांनी २००८ च्या जूनमध्ये जेरुसलेमला स्वतःची परिषद भरवली, 'गॅफकॉन'. हजारावर लोक आले, त्यांत २९१ बिशप. पुढच्याच महिन्यात कँटरबरीला लॅम्बेथ परिषद होती. नझीर-अली जेरुसलेमला गेले, कँटरबरीला गेले नाहीत. इंग्लंडमधल्या विद्यमान बिशपाने घरच्या पंगतीला पाठ फिरवणं ही साधी गोष्ट नव्हती.

२००९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी रॉचेस्टर सोडलं. निवृत्तीला अजून दहा वर्षं होती. जगभर छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी काम करायचं असं त्यांनी सांगितलं आणि ऑक्सफर्डला त्यासाठी संस्था काढली.

शेवटचं दार

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी एक नवी वाट काढली. अँग्लिकनांना कॅथलिक व्हायचं असेल तर आपली प्रार्थनेची धाटणी, आपली गाणी सोबत घेऊन गटाने येता येईल. या व्यवस्थेला 'ऑर्डिनरिएट' म्हणतात. इंग्लंडमधलं ऑर्डिनरिएट २०११ मध्ये स्थापन झालं. आलेल्या विवाहित पाद्रींना विवाहित राहून कॅथलिक पाद्री होता येतं, बिशप मात्र नाही. बिशप अविवाहितच हवा, तिथे सूट नाही. म्हणजे नझीर-अलींसारख्याला आत यायचं तर टोपी-दंड बाहेर ठेवून यायचं.

२९ सप्टेंबर २०२१ ला त्यांना कॅथलिक चर्चमध्ये घेतलं गेलं, महिनाभराने दीक्षा. हात ठेवले ते वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल व्हिन्सेंट निकोल्स यांनी. पुढच्या वर्षी रोमने त्यांना 'मॉन्सिन्योर' ही मानाची पदवी दिली. कारण त्यांनी साधं सांगितलं: शिकवण काय हे ठामपणे सांगणारी आणि सांगितलेलं टिकवणारी व्यवस्था अँग्लिकनांकडे उरली नाही. अनेक वर्षं ते अँग्लिकन-कॅथलिक संवादाच्या अधिकृत आयोगावर होते. दोन घरांमधला बांध काढायची बोलणी करत बसलेला माणूस अखेर एकटाच बांध ओलांडून पलीकडे गेला.

गॅफकॉनमधले त्यांचे जुने सोबती मात्र रोमला गेले नाहीत. ती मंडळी इव्हँजेलिकल, पोप त्यांना कसा चालणार? इंग्लंडच्या चर्चने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना वाट दिल्यावर २०२३ मध्ये रवांडातल्या किगालीत जमून त्यांनी जाहीर केलं की कँटरबरीला आम्ही थोरलं मानत नाही. एकच तक्रार असलेली माणसं दोन दिशांना गेली, कारण त्यांच्या चुली वेगळ्या होत्या. नझीर-अलींमधला 'कॅथलिक' शब्द इथे कामाला आला.

शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न मराठीत पंडिता रमाबाईंनी कधीच सोडवून ठेवला होता, उलट बाजूने. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजच्या अँग्लिकन मठातल्या भगिनींकडे असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग त्या चेल्टनमला गेल्या आणि तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावरून मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हो, तेच लाहोर. रमाबाईंनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनना स्पष्ट लिहिलं की ब्राह्मण पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, दुसरं तसलं घेणार नाही. शास्त्र मी वाचीन, माझी सदसद्विवेकबुद्धी मला सांगेल. पंथांच्या चौकटीत त्या पुढे कुठेच नीट बसल्या नाहीत आणि त्यांनी त्याची फिकीरही केली नाही. रमाबाईंच्या मते शेवटचा शब्द बाहेर कोणाकडे देणं हीच गुलामी, नझीर-अलींच्या मते तो कोणाकडेच नसणं ही अनागोंदी. मी रमाबाईंकडे झुकतो. पण मी रायविंडमध्ये राहिलेलो नाही.

ऑर्डिनरिएटच्या मिस्सेत एक प्रार्थना आहे, प्रभुभोजन घेण्याआधी म्हणायची. तुझ्या मेजाखाली पडलेले चुरे वेचण्याचीही आमची लायकी नाही, असं तिच्यात देवाला म्हटलंय. ती इंग्रजीत लिहिली टॉमस क्रॅन्मर यांनी, ज्यांना १५५६ मध्ये पोपच्या बाजूच्या राणीने ऑक्सफर्डला जाळलं. आता रोमच्याच परवानगीने छापलेल्या पुस्तकात ती आहे, आणि मॉन्सिन्योर नझीर-अली त्या पुस्तकातून मिस्सा म्हणतात तेव्हा तरुणपणी अँग्लिकन वेदीपाशी म्हटलेले तेच शब्द त्यांच्या तोंडी येतात.